टेलिमानस १४४१६ : फोन केव्हा करावा, काय विचारावे, पुढे कुठे जावे

मनाच्या त्रासासाठी फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलता येणारी सेवा म्हणून टेलिमानसला आम्ही चांगले गुण देतो. पण हे गुण पहिल्या पायरीचे आहेत. फोन लवकर झाला आणि त्यातून दवाखान्याची तारीख हातात पडली, तर या सेवेचे चीज होते. नुसते बोलून हलके वाटले आणि माणूस तिथेच थांबला, तर आजार आत वाढतच राहतो.

ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. मानसिक आरोग्यावर काम करणारी बंगळूरची राष्ट्रीय संस्था निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. फोन लागल्यावर भाषा निवडायची आणि मग तो राज्याच्या केंद्रातल्या समुपदेशकाकडे जातो. समुपदेशकाला गरज वाटली तर तो केंद्रातल्या तज्ज्ञाकडे जोडून देतो, आणि प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे पाठवतो. या साखळीतला शेवटचा दुवा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि फोन करणारे नेमके तेच विचारायचे विसरतात.

निम्हान्सच्याच २०१५–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचे आढळले. सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही. औषधे आहेत, डॉक्टर कमी का होईना पण आहेत, तरी माणूस पोहोचतो उशिरा.

मग फोन केव्हा करायचा? झोप, भूक, कामातले लक्ष किंवा आवडीच्या गोष्टींतला रस सलग दोन आठवडे गेला असेल, तर लगेच. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे आणि सकाळी सगळ्यांत जास्त उदास वाटणे हे नैराश्यात फार वेळा दिसते, आणि घरचे ते ‘टेन्शन’ म्हणून सोडून देतात. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच क्षणी फोन करावा.

सतरा ते पंचविशीतल्या मुलामुलींबाबत जास्त जागरूक राहावे लागते. कॉलेज अचानक सुटते, खोलीचे दार बंद राहते, आंघोळ टळते, शेजारी आपल्याबद्दल बोलतात असे वाटू लागते, कानात आवाज येतात. ही सायकोसिसची, म्हणजे भास आणि भ्रम होऊन वास्तवाशी नाते तुटण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते. इथे उपचारांविना गेलेला काळ जितका लांब, तितकी सुधारणा कठीण, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. अशा वेळी रुग्ण स्वतः फोन करत नाही, कारण आपल्याला काही झाले आहे हेच त्याला पटत नसते. आईवडील किंवा भावंडांनी त्याच्या वतीने फोन करावा आणि त्याला दवाखान्यात कसे आणायचे, काय बोलायचे, काय टाळायचे हे विचारून घ्यावे. घरच्यांना बाहेरची बाधा वाटत असेल तर त्यावरून भांडण काढू नये. देवाचे हवे ते करू द्यावे, पण डॉक्टरची तारीख हुकू देऊ नये.

माहेरी आलेल्या बाळंतिणीचे पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही ते राहिले तर फोन करावा. मात्र ती अजिबात झोपत नसेल, बाळाबद्दल विचित्र, असंबद्ध बोलत असेल, तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तोवर बाळाजवळ दुसरे कोणीतरी सतत असावे.

फोनआधी पाच मिनिटे कागद-पेन घेऊन बसावे. त्रास कधीपासून आहे, झोप किती तास, जेवण किती, कामाचे किती खाडे झाले, दारू किंवा तंबाखू किती, थायरॉइड, मधुमेह यांसारखे आजार, चालू गोळ्यांची नावे आणि मात्रा, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, हे लिहून काढावे. ‘जीव घाबरतो’, ‘मन लागत नाही’ एवढ्यावर समुपदेशकाला फारसे काही ठरवता येत नाही. ‘महिनाभर रोज तीन तासच झोप, दुकान चार वेळा बंद ठेवले’ यावर येते. घरात एकांत नसेल तर गच्ची किंवा शेत गाठावे. सध्या कोणत्या जिल्ह्यात राहता ते सुरुवातीलाच सांगावे, कारण पुढचा दवाखाना त्यावर ठरतो; नोकरीसाठी गाव सोडलेल्यांनी हे विसरू नये. मरणाचे विचार येत असतील तर ते शेवटपर्यंत राखून न ठेवता पहिल्याच वाक्यात सांगावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगी त्याला अपवाद आहे.

आणि फोन ठेवण्याआधी विचारायचेच असे: माझ्या जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञाची ओपीडी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, किती वाजता? तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर येतात का आणि कधी? पुढचा फोन तुम्ही करणार की मी? सगळे लिहून घ्यावे. वार न विचारता गेलेला माणूस केसपेपर काढून रांगेत उभा राहतो, मनोविकारतज्ज्ञ त्या दिवशी नसतात, आणि बुडालेली मजुरी आठवून तो पुन्हा येत नाही. हीच गळती थांबवायची आहे.

सेवेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मुख्य काम आवाजावर चालते, त्यामुळे चेहरा, हातांची थरथर, कपड्यांची दशा समुपदेशकाला दिसत नाही. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असे धरून चालू नये, म्हणून आपला कागद जपून ठेवावा. झोपेच्या गोळ्या फोनवर मागू नयेत. सवय लागणारी ही औषधे तपासणीशिवाय मिळू नयेत, हेच रुग्णाच्या हिताचे आहे. परदेशातून हा नंबर लागेल असे धरू नये. अमेरिकेतल्या मराठी माणसाला ९८८ आणि ब्रिटनमध्ये ११६ १२३ हे तिथले नंबर आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेलिमानसचे ॲपही आले. माहितीसाठी ते ठीक, पण त्रासात असलेल्या माणसाच्या हाती ॲप देण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून फोन लावून द्यावा.

जीव धोक्यात असेल तर १४४१६ नव्हे, १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ (तातडीची मदत). फवारणीचे औषध आणि साठवलेल्या गोळ्या कुलपात टाकाव्यात, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. पोलीस केसच्या भीतीने रुग्णालय टाळणारी घरे अजून आहेत. रुग्णालय नोंद करते हे खरे, पण २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे मानते, शिक्षा नव्हे तर उपचार मिळावेत असे सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही.

ओपीडीला जाताना जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि घरातले एक माणूस बरोबर असावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण पहिल्याच भेटीला तिथे जावे लागते असे नाही, जिल्हा रुग्णालय पुरते. डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील तर कुरकुर करू नये. या कमतरताही नैराश्यासारख्या दिसतात.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येऊ शकते. ‘गुण नाही, उलट त्रासच’ म्हणून अनेक जण इथेच गोळ्या सोडतात. त्रास फार झाला तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. बरे वाटल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. एकदम थांबवले तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. सरकारी औषधखिडकीवर गोळ्या ठरावीक दिवसांच्याच मिळतात, म्हणून पाकिटात पाच-सहा दिवसांचा साठा उरलेला असतानाच पुढच्या ओपीडीच्या वारी जावे. मध्ये सण किंवा सुट्टी येत असेल तर त्याच्या आधीचा वार धरावा.