नाम की श्वास? सकाळचा पाऊण तास कुणाला द्यावा

रोज सकाळी पाऊण तास डोळे मिटून बसायचं एवढं ठरलं आहे, पण बसून करायचं काय इथे गाडी अडली आहे, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. मराठी घरात हा प्रश्न फिरून फिरून दोन गावांपाशी येतो, गोंदवले आणि इगतपुरी. एकीकडे गोंदवलेकर महाराजांची माळ आणि रामनाम, दुसरीकडे विपश्यनेतला नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास. मी पहिलं नऊ वर्षं केलं, दुसरं गेली सात वर्षं करतो आहे. दोन्हींबद्दल मनापासून आदर आहे. पण पाऊण तास एकच असतो आणि तो कुणाला तरी द्यावा लागतो.

'मूळचं कोणतं?' हा प्रश्न सगळे आधी विचारतात. त्याने निर्णय होत नाही. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरची आसनस्थ आकृती दाखवून ध्यानाचं वय सांगितलं जातं. बैठक योग्यासारखी दिसते खरी, पण मुद्रेवरची लिपी अजून वाचली गेलेली नाही, आणि त्या आकृतीच्या मनात काय चालू होतं हे मुद्रा सांगत नाही. शब्दांतला पुरावा हवा तर उपनिषदांपर्यंत खाली यावं लागतं.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतात. चारी वेद, इतिहास-पुराण, गणित, नक्षत्रविद्या, सगळं शिकून झालं आहे आणि तरी शोक सुटलेला नाही. मी मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही, असं ते सांगतात. सनत्कुमार म्हणतात, तू शिकलास ते सगळं नाम आहे. मग नामाहून मोठी वाणी, वाणीहून मन, मग संकल्प, मग चित्त, आणि चित्ताहून मोठं ध्यान. पृथ्वी जणू ध्यान करते, पर्वत जणू ध्यान करतात, असं तिथे येतं. ही शिडी पुढे प्राणापर्यंत आणि भूमापर्यंत, म्हणजे अमर्यादापर्यंत जाते. तिथलं 'नाम' म्हणजे शब्दज्ञान, देवाचं नाव नव्हे. त्यामुळे नामजप करणाऱ्याला हा उतारा दाखवून गप्प करणं चूक आहे. पण शब्द येणं आणि मन त्यात असणं यांत अंतर असतं, हे इतक्या जुन्या काळी कुणाला तरी उमगलं होतं. माझा सगळा अनुभव याच अंतरातला आहे, म्हणून तो अध्याय मी पुन्हा पुन्हा उघडतो.

बुद्धाच्या काळात ध्यान शिकवणारे आचार्य होतेच. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे सिद्धार्थ गौतम राहिले, त्यांनी शिकवलं ते साधलं, आणि एवढ्याने भागत नाही म्हणून निघाले. पुढे आनापानसतिसुत्तात त्यांनी सांगितलेल्या सोळा पायऱ्यांची सुरुवात अगदी साधी आहे: श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. पतंजलींनी दोन्ही दारं उघडी ठेवली. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात प्रणवाचा, म्हणजे ओंकाराचा जप आहे, आणि थोडं पुढे 'वा' म्हणून श्वास सोडणं-धरणंही आहे. जपाच्या सूत्रात मात्र जपाला जोडूनच अर्थाची भावना करायला सांगितलं आहे. हा जोडलेला भाग मी नऊ वर्षं ओझरता वाचत आलो. जैनांचा कायोत्सर्ग, काश्मीरच्या शैवांच्या धारणा, या ध्यानाच्या इतर पद्धतींत शिरत नाही. तो माझा अभ्यास नाही.

माझं मत श्वासाकडे झुकतं. त्याविरुद्धचा सगळ्यांत भक्कम दाखला ज्ञानेश्वरांचा आहे, तो आधीच मांडतो. नाथपंथाची दीक्षा त्यांच्या घरातली. निवृत्तीनाथांना ती गहिनीनाथांकडून मिळाली आणि ज्ञानेश्वरांना निवृत्तीनाथांकडून. 1290 साली पुरी झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध, कुंडलिनीचं जागं होणं हे सगळं मूळ गीतेत नाही इतक्या तपशिलाने येतं. त्या मार्गाला ते पंथराज, मार्गांचा राजा, म्हणतात. आणि तेच हरिपाठात सर्वांच्या हाती नाम देतात. प्राणाचा रस्ता शेवटपर्यंत ठाऊक असलेल्या माणसाने हे केलं, तेव्हा नाम म्हणजे ज्यांना ध्यान जमत नाही त्यांची सोय, असं म्हणायला मी धजावणार नाही.

कान्हेरीला बौद्ध भिक्खूंची शंभराहून अधिक लेणी आहेत, त्यांतली कित्येक एका-दोघांच्या राहण्यापुरती, आत बसायला-निजायला कातळाचा ओटा. तिथे पाय दुमडून बसलं की कळतं, ही परंपरा आधी जागा करते आणि मग बसते. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्याला जागा लागतच नाही. त्याचं साधन तोंडात असतं. संसारी माणसाला हा दुसरा प्रकार सोयीचा, यात शंका नाही. मीही त्याच सोयीने सुरुवात केली.

माझी माळ आजीची होती, तुळशीची, 108 मण्यांची. हिशेब शंभरचा धरायचा, वरचे आठ चुकांसाठी सोडायचे. 'श्रीराम जय राम जय जय राम' या त्रयोदशाक्षरी मंत्राच्या अकरा माळा रोज. पाऊण तासात बसतात. पहिली दोन-तीन वर्षं फार चांगली गेली. रागाचा पारा उतरला, झोप सुधारली, दिवसाला एक टेकण मिळालं.

मग एका सकाळी अकरावी माळ संपवून कपाळाला लावली आणि लक्षात आलं की मधला सगळा वेळ मी एका भांडणाचं उत्तर तयार करत होतो. अगदी वाक्यांसकट. मी हे म्हणेन, मग समोरचा ते म्हणेल, मग मी त्याला असं अडवेन. आणि तेवढा वेळ जप चालू होता. एक नाम गळलं नव्हतं. माळेच्या टोकाचा मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. तेही बोटांनी दहाच्या दहा वेळा बिनचूक केलं होतं. मोजणीत काही कमी नव्हतं. फक्त मी तिथे नव्हतो.

हे एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण त्या दिवसापासून मी पाहू लागलो, आणि रोज तेच दिसू लागलं. मन भरकटतं याचं मला दुःख नव्हतं, ते सगळ्यांचंच भरकटतं. सलत होतं ते हे, की ते भरकटलं तरी माझ्यापर्यंत खबर येत नव्हती. जिभेला सवय झाली होती, बोटांना सवय झाली होती, आणि दोघी मिळून माझी गैरहजेरी झाकत होत्या. उपाय करून पाहिले. मोठ्याने म्हणून पाहिलं, मग ओठांतल्या ओठांत, मग शास्त्र ज्याला श्रेष्ठ म्हणतं तो मनातल्या मनातला मानसजप. मानसात तर घोटाळा वाढला, कारण तिथे ओठांची साक्षही उरत नाही. लेखी जप केला. दोन महिन्यांत हात आपला आपण लिहू लागला आणि वहीची पानं भरत गेली.

घरातल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, जीभ लागली आहे ना, मन मागून येईल. हे उत्तर मी हलकं मानत नाही. मागून मन आलेली माणसं मी पाहिली आहेत. आजी त्यांतलीच. शेवटच्या आजारपणात तिला आमची नावं आठवत नव्हती, पण ओठ हलत होते आणि चेहऱ्यावर जी शांती होती ती सवयीची खास नव्हती. माझं मन मात्र नऊ वर्षांत आलं नाही. कदाचित आणखी काही वर्षं थांबलो असतो तर आलं असतं.

विपश्यनेच्या शिबिराबद्दल फार सांगत नाही, मराठी वाचकाला ते ऐकून ठाऊक असतं. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून 1969 साली ही पद्धत घेऊन भारतात आले, 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं, आणि आता दहा दिवसांची शिबिरं ठिकठिकाणी होतात. पहाटे चारला उठणं, मौन, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, फी नाही, मागाहून इच्छेने दान. माळ, मंत्र, पूजा त्या दहा दिवसांपुरती बाजूला ठेवावी लागते. आजीची माळ घरी ठेवून निघताना मला जड गेलं होतं. आणि गुडघ्यांचं म्हणाल तर तिसऱ्या दिवसापर्यंत दुखण्याशिवाय दुसरा विषयच नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी असंच एक भांडण डोक्यात सुरू झालं. पहिलं वाक्य जुळलं, दुसरं जुळलं, आणि एकदम जाणवलं की श्वास हरवला आहे. चालू होता, पण वरच्या ओठाशी त्याचा जो बारीक स्पर्श मी धरून बसलो होतो तो गेला होता. तो स्पर्श आणि ते भांडण, दोन्ही एका वेळी मला सांभाळता येईनात. एक धरलं की दुसरं सुटे. डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षं जी खबर मिळत नव्हती ती दोन दिवसांत मिळाली होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. श्वास तर जिभेहूनही आपोआप चालतो, मग तो कसा पकडून देतो? मला वाटतं, तो आपोआप चालतो म्हणूनच देतो. श्वास घेणं हे माझं काम नाही, माझ्याकडे काम एकच, जाणणं. जाणणं सुटलं की साधनेतलं काहीच हातात उरत नाही, त्यामुळे सुटल्याचं आज ना उद्या कळतंच. जपात जाणणं सुटलं तरी मागे बरंच उरतं: शब्द उरतो, चाल उरते, मण्यांचा आकडा उरतो. त्या उरलेल्याला मी साधना समजत राहिलो. दुसऱ्या कुणाची ठेवण वेगळी असू शकेल. माझ्यापुरता कौल याच एका गोष्टीने लागला.

आता नाम कुठे श्वासाच्या पुढे आहे ते न सांगणं अन्यायाचं होईल. वडील अतिदक्षता विभागात होते त्या रात्री मी बाहेरच्या बाकावर श्वास पाहायला बसलो. जमलं नाही. माझाच श्वास छातीत अडकत होता, आणि अडकलेल्या श्वासाकडे पाहत राहिलं की तो आणखी अडकतो. मग न बोलावता नाम आलं, आजीच्या चालीत. पहाटेपर्यंत त्याने धरून ठेवलं. त्या रात्री मला जाणण्यापेक्षा कुणाला तरी हाक मारायची गरज होती, आणि श्वासाला हाक मारता येत नाही. त्याच्यावर प्रेमही करता येत नाही. ज्याचं एखाद्या दैवतावर खरं प्रेम आहे त्याला श्वासाची बैठक कोरडी वाटेल आणि ते बरोबरच आहे. शिवाय घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसा असं शिबिरात सांगतात. माझा संध्याकाळचा तास वर्षभरही टिकला नाही. नामाला असं वेळापत्रक लागत नाही. आणि मनाच्या आजारावर उपचार चालू असतील तर शिबिराआधी डॉक्टरांशी बोलाच, अर्जातही ही माहिती विचारतात.

दोन्हींचा मेळ म्हणून सोऽहं सुचवलं जातं. श्वास आत जाताना सो, बाहेर येताना हं. दिवसाचे 21,600 श्वास म्हणजे तितकाच जप, असं नाथांचं गणित. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांनी हीच साधना शिकवली, आणि तिचा फायदा झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत. मी चार महिने करून पाहिली. माझ्या बाबतीत शब्द श्वासाला ओढू लागला. 'सो' लांबला की श्वास लांबे. मग मी पाहत होतो तो श्वास माझाच घडवलेला होता, आणि जुनी सवय मागच्या दाराने परत येताना दिसली. समोर गुरू असता तर कदाचित निभावलं असतं.

तुम्ही आधीपासून जप करत असाल तर तो माझ्या सांगण्यावरून सोडू नका. आठवडाभर एवढंच करा: शेवटची माळ संपली की ती ठेवण्याआधी, या माळेत मन कुठे होतं ते एका ओळीत लिहा. ओळी नामाच्या, रूपाच्या, निदान शांततेच्या निघाल्या तर तुमचं ठरलेलं आहे, रजा खर्ची घालायचं कारण नाही. हिशेबाच्या आणि भांडणांच्या निघाल्या तर मात्र दहा दिवस काढाच. अजून काहीच सुरू केलं नसेल, तर मी श्वासापासून करायला सांगेन, आणि नाम कानावर पडत राहील एवढं घर ठेवायला सांगेन. माळ शिबिराला नेऊ नका. माझी परत आलो तेव्हा देवघरात होती तिथेच होती. आजही संध्याकाळी हरिपाठाला ती हातात असते. मणी ओढत नाही, नुसती धरून बसतो.