मूत्राशय काढायचं की वाचवायचं?

कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरलाय असा रिपोर्ट आला की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: मूत्राशय काढून टाका. दुसरा मार्गही आहे. दुर्बिणीतून गाठ जमेल तितकी खरवडून काढायची, मग रेडिएशन आणि त्याच्या जोडीला केमो.

ऑपरेशनचं आधी. पुरुषांत मूत्राशयाबरोबर सहसा प्रोस्टेटही जातं. मूत्रपिंडं धड असतील तर आधी सिस्प्लॅटिन या औषधाची केमो देतात. लघवीची नवी वाट आतड्याच्या तुकड्यातून करतात: एक तर पोटावर स्टोमा, म्हणजे लघवी बाहेर यायला केलेलं तोंड, आणि त्यावर बाहेरून पिशवी, नाहीतर आतड्याचंच नवं मूत्राशय. दुसरं ऐकायला बरं वाटतं, पण त्याला पूर्वीसारखी जाणीव नसते. घड्याळ बघून, पोटाला जोर देऊन ते रिकामं करायला शिकावं लागतं, रात्री गळतीही होऊ शकते. पिशवीला लोक उगाच जास्त घाबरतात, असं मला वाटतं.

रेडिएशन चार ते साडेसहा आठवडे चालतं. ब्रिटनमधल्या 'बीसी २००१' या ३६० रुग्णांच्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने दोन वर्षांनी मूत्राशयात आणि आसपास रोग न परतलेले ५४ टक्के होते. केमो जोडल्यावर ६७. म्हणजे 'केमो नको, नुसतं रेडिएशन द्या' हा हट्ट महागात पडू शकतो.

दोन्ही मार्गांची समोरासमोर चाचणी, कुणाला कोणता उपचार ते चिठ्ठी टाकून ठरवायची? 'स्पेअर' नावाने ब्रिटनमध्ये सुरू केली होती, पुरेसे रुग्णच मिळाले नाहीत. स्वतःचं मूत्राशय चिठ्ठीवर कोण सोडेल! त्यामुळे हाती आहेत त्या जुन्या नोंदी. २०२३ साली उत्तर अमेरिकेतल्या ७२२ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पाच वर्षं रोग इतरत्र न पसरलेले ऑपरेशनच्या गटात ७४ टक्के निघाले, मूत्राशय वाचवलेल्यांत ७५. पण हे सगळे दोन्ही उपचारांना चालण्यासारखे, निवडक रुग्ण होते: सात सेंटिमीटरपेक्षा लहान, एकच गाठ, मूत्रपिंडं फुगलेली नाहीत किंवा फार तर एकच फुगलेलं. वाचवलेल्यांपैकी १३ टक्क्यांचं मूत्राशय पुढे काढावंच लागलं.

म्हणून युरॉलॉजिस्ट आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांनाही भेटल्याशिवाय तारीख घेऊ नका. दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी, तीही वर्षानुवर्षं, जमणार नसेल तर वाचवण्याच्या फंदात पडू नये. आणि मूत्राशय आधीच आक्रसून दर अर्ध्या तासाला पळावं लागत असेल, तर काढलेलंच बरं.