सेल्फ वॉटरिंग कुंड्या आणि देशी झाडं: दहा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात नऊ दिवसांनी गावाहून घरी आलो. कुलूप काढलं आणि बॅगा दारातच टाकून मी आधी गॅलरीत गेले. माझ्या सहा सेल्फ वॉटरिंग कुंड्यांपैकी, म्हणजे तळाच्या टाकीतलं पाणी वातीने आपोआप झाडाला पोचवणाऱ्या कुंड्यांपैकी, तीनमधली झाडं मान टाकून पडली होती. तळाची टाकी उघडून बघितली, तर तिन्हींमध्ये निम्मं पाणी शिल्लक! खाली पाणी आहे, वर झाड तहानलंय, आणि दोघांच्या मध्ये आहे ती फक्त एक वात. त्या वातीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

गेल्या जूनमध्ये या कुंड्या घेतल्या. आठ इंची, ४४९ रुपयांना एक, सहांचे २,६९४ रुपये. मला ही रक्कम छोटी वाटत नाही. आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, गॅलरी पश्चिमेची, दुपारी तीननंतर उन्हाचा मारा. त्याआधीच्या दोन वर्षांत मी अकरा झाडं घालवली होती. म्हणून ठरवलं, पाण्याची काळजी कुंडीवर सोपवायची आणि झाडं आपल्याकडची घ्यायची, म्हणजे लाड कमी.

‘आपल्याकडची’ झाडं शोधणं हे वेगळंच काम निघालं. नर्सरीत एका रांगेवर ‘देशी’ अशी पाटी होती. तिथे मनी प्लांट होता, जो मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा. स्नेक प्लांट होता, तो पश्चिम आफ्रिकेचा. सदाफुली आणि अरेका पाम, दोन्ही मादागास्करची. ही झाडं वाईट नाहीत, पण पाटी तरी खरी लावा. शेवटी मीच नावं सांगून अबोली, पिवळी कोरांटी, ब्राह्मी, पिंपळी, हाडसांधी आणि काळ्या मिरीचा वेल घेतला. कढीपत्ता घरी होताच, मोठ्या मातीच्या कुंडीत.

पहिले चार महिने मी या कुंड्यांचं कौतुक करत सुटले होते. ऑफिसमध्ये तिघींना घ्यायला लावल्या. पावसाळा संपल्यावर दर आठ-दहा दिवसांनी टाकी भरायची, बास. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग हाडसांधी कुजली. चौधारी, पेराला पेर जोडलेली, दगडासारखी चिवट वनस्पती. डोंगरात खडकांवर आणि कुंपणांवर कुणी पाणी न घालता वाढते, ती माझ्याकडे बुडापासून काळी पडली! आधी वाटलं रोप खराब दिलं. सासूबाईंनी फोनवर ऐकलं आणि म्हणाल्या, “अगं, तिला कोण रोज पाजतंय? तोड आणि साध्या कुंडीत लाव.” वरची दोन धड पेरं तोडली, तीन दिवस सावलीत सुकवली आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचली. आज ती खिडकीच्या ग्रिलवर हातभर चढली आहे. तिला महिन्यातून दोनदा पाणी घालते. कुंडी? कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेली ऐंशी रुपयांची, लाल मातीची.

तेव्हा माझं पहिलं मत बदललं. सतत ओली राहणारी माती सगळ्यांना मानवत नाही. पिंपळीला आणि ब्राह्मीला या कुंड्या अतिशय मानवल्या. अबोली आणि कोरांटीला पावसाळा सोडून चालल्या. हाडसांधीसाठी मात्र अजिबात नकोत. ओल्या मातीवर चिलटंही होतात. वर बोटभर जाड वाळूचा थर दिला आणि माझ्याकडची थांबली.

दुसरं मत मिरीच्या वेलामुळे बदललं. तो अगदी आपला, सह्याद्रीतला, म्हणून कौतुकाने दिवाणखान्यात काथ्याच्या काठीवर चढवला. मार्चमध्ये पुण्याची हवा कोरडी झाली आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन आठवड्यात सगळं गळलं. टाकीत पाणी होतं, हवेत नव्हतं. मिरी कोकणातली, मलबारातली, दमट सावलीतली. डोंगराच्या एका बाजूचं झाड दुसऱ्या बाजूलाही ‘आपलं’ असेलच असं नाही, हे मला त्या वेलाने शिकवलं. त्याचे १२० रुपये गेले, त्यापेक्षा वेल गेल्याचं जास्त लागलं. त्याच काठीवर आता पिंपळी सोडली आहे, आणि ती तग धरून आहे.

आता वात. कुंडीच्या तळाला जाळी, जाळीतून टाकीत सोडलेली पांढरी विणलेली वात. तिच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं आणि माती ते ओढून घेते. अख्ख्या कुंडीतलं काम करणारं अंग हे एकच, बाकी सगळं प्लास्टिकचा डबा. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस टँकर येतो, पाणी जड. त्यातले क्षार वातीवर साठत जातात. गावाहून आल्यावर मी तिन्ही वाती ओढून काढल्या, तर त्या काड्यांसारख्या कडक झाल्या होत्या, नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी पडत होती. अशी वात पाणी काय ओढणार? शिवाय कुंडीत मातीऐवजी नुसता कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेला. तो सुकला की आकसतो आणि वातीपासून सुटतो. म्हणजे एकदा का साखळी तुटली की खाली टाकी भरून उपयोग नाही, वरून भरपूर पाणी द्यावं लागतं.

विक्रेत्याला लिहिलं, फक्त सहा वाती पाठवा, पैसे देते. उत्तर आलं की वात वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीबद्दल मी विचारलंच नव्हतं. पुन्हा लिहिलं. मग कळवलं की सुटी वात विकत नाही, पण नव्या कुंडीवर वीस टक्के सवलत देऊ. तिसऱ्यांदा लिहिलं की धड डबा फेकून मी नवा डबा का घेऊ, तर पहिलंच उत्तर परत चिकटवलं. याचा मला मनापासून राग आला आहे. झिजणारी वस्तू सुटी मिळायलाच हवी. मिक्सरचं वॉशर मिळतं, कुकरची शिट्टी मिळते, मग वात का नाही?

शनिवारी बोहरी आळीत गेले. एका दुकानात रॉकेलच्या स्टोव्हच्या वाती अजून मिळतात, त्या घेतल्या. शेजारच्या दुकानातून मऊ, विणलेली नायलॉनची दोरी घेतली, पाच मीटर चाळीस रुपयांना. घरी येऊन जुनी वात, स्टोव्हची वात आणि दोरी, तिघींची टोकं पाण्याच्या पेल्यात सोडून बाकीचा भाग काठावर उभा बांधला. तासाभराने बघितलं: स्टोव्हची वात चार बोटं भिजलेली, दोरी तीन बोटं, जुनी वात जेमतेम अर्धं बोट. स्टोव्हची वात सुताची, ओल्या मातीत ती दोन-तीन महिन्यांत कुजणार. म्हणून दोरी बसवली, आणि माती बदलताना कोकोपीटमध्ये निम्मी बागेची माती आणि मूठभर निंबोळी पेंड घातली. जुन्या वाती व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवल्या, त्याही बऱ्याच मऊ झाल्या. हे आधी माहीत असतं तर दर तीन महिन्यांनी केलं असतं. खोक्यातल्या कागदावर याबद्दल एक ओळही नाही.

आणखी एक अडचण, जास्तीचं पाणी जाण्याच्या भोकाची. मार्चमध्ये मी टाकी जरा जास्त भरली आणि खालच्या काकूंच्या कुरडयांवर धार गेली. काकू वर आल्या, “अगं, दोन दिवसांच्या कुरडया गं माझ्या!” मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून भोकाची बाजू भिंतीकडे ठेवते. टाकीचं तोंड मात्र छान बंद होतं, दहा महिन्यांत एकदाही डासांच्या अळ्या झाल्या नाहीत. साध्या कुंडीखालच्या ताटलीबद्दल असं म्हणता येणार नाही, ती आठवड्यातून एकदा ओतून कोरडी करावीच लागते.

सजावट म्हणाल तर सगळ्यात देखणी वस्तू फुकट मिळाली. आईची लोणच्याची चिनीमातीची बरणी, झाकण फुटलेलं. तिला खाली भोक नाही, पण ब्राह्मी दलदलीतच वाढणारी, तिला ते लागतही नाही. कुंडीतली थोडी ब्राह्मी बरणीत लावली, काठावरून ती खाली ओघळली आणि आता बारीक पांढरट जांभळी फुलं आली आहेत. पाहुणे आधी तिच्याकडेच बघतात.

आणि अबोली. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती टक् करून फुटतात आणि बिया उडतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी झारी खाली ठेवली. आता मुलगी मुद्दाम ओल्या बोटाने बोंडांना हात लावते. कोरांटीच्या कुंडीत अबोलीची तीन रोपं आपोआप उगवली आहेत.

कढीपत्त्यावर ऑगस्टमध्ये पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले. पुसायला गेले तर ते हलले. फुलपाखराच्या अळ्या! मोठ्या झाल्यावर हिरव्यागार होतात, बोट लावलं की डोक्यामागून तांबूस दुभंगलेलं शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास येतो. पंधरा दिवस आमटीत कढीपत्ता विकतचा घातला. विकत आणलेल्या मनी प्लांटवर दोन वर्षांत मला एक अळी दिसली नव्हती.

वाती बदलून आज तिसरा दिवस. टाकीवर मार्करने खूण केली होती, पिंपळीची पातळी तीन दिवसांत दोन बोटं उतरली आहे. मान टाकलेल्या अबोलीला नवी पालवी दिसते, कोरांटीचं अजून नक्की सांगता येत नाही. कुंड्यांना पाचपैकी अडीच. सुट्या वाती विकायला लागले तर लगेच चार करीन. दोरी अजून तीन मीटर उरली आहे. काकूंना ब्राह्मीची फांदी हवी होती, त्यांच्या जुन्या बरणीत उद्या लावून देणार आहे.