ग्नू स्टो, काही महिन्यांनंतर: काम चोख, पण ती एक 'डिर' फाइल!

सर्व्हर सगळ्यांचा, रूट (म्हणजे पूर्ण अधिकार) आपल्याकडे नाही आणि दर वेळी अ‍ॅडमिनच्या मागे लागायचा कंटाळा. म्हणून जे लागेल ते सोर्सवरून (मूळ कोडवरून) बिल्ड करून होममधल्या लोकल डिरेक्टरीत टाकतो आणि त्याची व्यवस्था ग्नू स्टो या प्रोग्रॅमवर सोडली आहे. फुकट आहे, पर्लमध्ये लिहिलेलं आहे, स्वतःचा डेटाबेस वगैरे काही ठेवत नाही. प्रत्येक पॅकेज आपापल्या डिरेक्टरीत राहतं, स्टो फक्त लोकलमध्ये सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारे शॉर्टकट) जोडतो. नको झालं की एका कमांडमध्ये लिंक गायब. 'मेक अनइन्स्टॉल' (पॅकेज काढून टाकायची सोय) लिहायची तसदी न घेणारी पॅकेजेस पाहिली की याची किंमत कळते.

आता डोकेदुखी. दुसरं ग्नू पॅकेज जोडायला गेलं की स्टो अडून बसतो: शेअर-इन्फोमधली 'डिर' फाइल आधीच आहे! ही म्हणजे इन्फो पानांची (ग्नूच्या मदत-पुस्तिकांची) अनुक्रमणिका. प्रत्येक पॅकेज स्वतःची वेगळी टाकतं. इन्फो पानं इथे वाचतं कोण? तरी एवढ्याशा फाइलीपायी पूर्ण पॅकेज बाहेर. मी वैतागून स्टोला हट्टी ठरवलं होतं.

मत बदललं ते गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) बंद पडल्यावर. सिस्टिमचंच गिट, मी हातही लावला नव्हता. झालं असं की माझ्या लायब्ररी सापडाव्यात म्हणून एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारा व्हेरिएबल) बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलीत कायमचा टाकून ठेवला होता, आणि सिस्टिमचं गिट माझी नवी कर्ल (नेटवरून डेटा आणणारी लायब्ररी) उचलत होतं. बऱ्याच ब्लॉगांवर हाच उपाय बिनदिक्कत सांगितलेला असतो. तो व्हेरिएबल त्या शेलमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतो, हे कोणी सांगत नाही. तो काढला आणि बिल्ड करतानाच लिंकरला (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणाऱ्या साधनाला) आरपाथ, म्हणजे प्रोग्रॅममध्येच लिहिलेला लायब्ररींचा पत्ता, दिला. त्यातही गोम आहे: हल्ली बरेच लिंकर आरपाथऐवजी रनपाथ लिहितात, आणि रनपाथ फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररींना लागू होतो. त्या लायब्ररीला पुढे जी दुसरी लागते, तिच्यासाठी तिच्यातच वेगळा पाथ हवा. 'रीडएल्फ'ने (तयार बायनरीत काय लिहिलंय ते दाखवणाऱ्या कमांडने) तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

एलडी लायब्ररी पाथने चूं न करता चुकीची फाइल पुढे केली. स्टो निदान भांडतो तरी, आणि आवृत्ती दोनपासून आधी सगळे संघर्ष तपासतो, मगच लिंकला हात लावतो. अर्धवट जोडणी होत नाही. तेव्हा हट्टीपणा माफ.

'डिर'चं म्हणाल तर 'इग्नोर' पर्यायात ती एकदा स्टोआरसी या स्टोच्या सेटिंग फाइलीत घालून टाकली. सीमेक हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांनी त्याच्या आवृत्ती ३.१५ पासूनच्या 'इन्स्टॉल' कमांडला प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची डिरेक्टरी) वेगळा, स्टोमधला द्यावा, कॉन्फिगर करताना मात्र लोकलचाच ठेवावा. नाहीतर स्टोमधला व्हर्जनवाला पाथ बायनरीत शिरतो आणि अपग्रेडनंतर प्लगइन सापडेनासे होतात.