प्रकाशात दुरुस्ती की अंधारात?

मालवणच्या खडकांवर ओहोटीत उरलेल्या डबक्यांतल्या जीवाणूंवर भर उन्हात अतिनील किरण पडतात. डीएनएतले शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी एक) एकमेकांना चिकटतात; ही इजा दुरुस्त करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली: फोटोलायेज हे एकटे विकर (एन्झाइम) ३५०-४५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरून ती जोडी थेट सोडवते. कापाकापी नाही, स्वस्तातले काम! पण अंधारात ते त्या जोडीला नुसते चिकटून बसते. इतर प्रकारची इजा दुरुस्त करणेही त्याला जमत नाही.

दुसरी वाट खर्चिक, पण रात्रीही चालणारी. ई. कोलाय या जीवाणूत यूव्हीआर-ए आणि यूव्हीआर-बी ही प्रथिने इजा शोधतात, यूव्हीआर-सी दोन्ही बाजूंनी कापते, यूव्हीआर-डी १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) तुकडा काढते. मग पॉलिमरेज-१ हे विकर रिकामी जागा भरते, लायगेज हे विकर सांधते. एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रसायन) लागतेच.

म्हणून विहिरीचे पाणी यूव्ही दिव्याखालून काढल्यावर पारदर्शक बाटलीत उन्हात ठेवू नये: फोटोलायेजमुळे अर्धमेले जीवाणू सावरतात.