खोकं एका मदरबोर्डचं, आत मदरबोर्ड दुसराच

खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि आतल्या मदरबोर्डवरचा (कॉम्प्युटरचे सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) सिरीयल नंबर जुळत नाहीत, हे आम्हाला खरेदीनंतर १९व्या दिवशी कळलं. दुकानातच दोन्ही नंबर ताडून पाहिले असते तर पुढचा सगळा मनस्ताप टळला असता, म्हणून हे लिहितेय.

धाकट्या भावाला व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर हवा होता. पार्ट आणून घरीच जोडायचं ठरलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकानांत कोटेशन घेतलं आणि सगळं सामान एकाच ठिकाणी उचललं: आय५-१२४०० प्रोसेसर, बी६६० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम (मेमरीच्या पट्ट्या) आणि बाकीचं. मदरबोर्डच्या खोक्याला सील नव्हतं. "मॅडम, याला सील येतच नाही," दुकानदार म्हणाला. काही मदरबोर्डांची खोकी खरंच बिनसीलची येतात, त्यामुळे मी गप्प बसले.

घरी जोडलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. रॅमची गडबड दाखवणारा मदरबोर्डवरचा बारका दिवा पेटून राहिला. एक रॅम काढली की कॉम्प्युटर सुरू, परत लावली की बंद. दुकानदाराने ती रॅम मागवून घेतली, काउंटरवर तपासल्यासारखं केलं आणि 'डेड आहे' असं सांगितलं. कंपनीकडून बदलून यायला तीन आठवडे लागतील, घाई असेल तर नवी जोडी न्या, पैसे नंतर ॲडजस्ट करू. भावाचं काम अडलेलं. ३,८०० रुपये मोजले. नव्या जोडीनेही तेच केलं.

मग भावाने एकच रॅम घेऊन ती मदरबोर्डवरच्या चारही स्लॉटमध्ये, म्हणजे रॅमच्या खाचांत, आळीपाळीने लावून पाहिली. प्रोसेसरच्या बाजूच्या दोन स्लॉटमध्ये कुठलीच रॅम चालेना, पलीकडच्या दोन्हींत प्रत्येक चालली. म्हणजे रॅम धडधाकट होत्या. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. दुकानदार 'पार्ट खराब' म्हणाला तरी पैसे काढण्याआधी ती घरी करून बघा.

प्रोसेसर काढून मोबाइलच्या टॉर्चने सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, पाहिलं. या प्रोसेसरच्या पिना मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये असतात, १७०० पिना, केसासारख्या. एका कोपऱ्यात तीन पिना आडव्या झालेल्या. यातल्या काही पिनांमधूनच प्रोसेसर रॅमशी बोलतो. त्या वाकल्या की एका बाजूचे रॅमचे स्लॉट मरतात.

फोटो बघताच दुकानदार म्हणाला, "फिजिकल डॅमेज. वॉरंटी नाही. बसवताना तुम्हीच वाकवल्यात." माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाऊ तर दोन दिवस स्वतःलाच दोष देत बसला होता. त्याचं ते गप्प होणं मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

मदरबोर्ड खोक्यात परत भरताना नंबरांकडे लक्ष गेलं. बिलावरचा नंबर खोक्याशी जुळत होता, आतल्या मदरबोर्डशी नाही. कंपनीच्या वेबसाइटवर आतला नंबर टाकला, तर त्याची वॉरंटी सात महिन्यांपूर्वीच सुरू झालेली. कुणीतरी परत केलेला मदरबोर्ड आम्हाला नवा म्हणून विकला होता.

बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं होतं. ते वाचून घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिल, दोन्ही नंबरांचे फोटो आणि वॉरंटीच्या पानाचा स्क्रीनशॉट देऊन तक्रार नोंदवली. त्यानंतर मदरबोर्ड बदलून मिळाला. 'डेड' रॅमही परत आली, कंपनीकडे न जाताच, माझ्या पेनाची खूण असलेल्या त्याच पाकिटात. नव्या मदरबोर्डवर ती व्यवस्थित चालतेय.

या वेळी काउंटरवरच खोकं उघडायला लावलं, नंबर जुळवले, सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण उचलून पिनांचा व्हिडिओ काढला. ते झाकण आता जपून ठेवलंय. वॉरंटीत मदरबोर्ड देताना ते नसेल तर कंपन्या अडवतात.

दुसऱ्या रॅमच्या जोडीचे ३,८०० रुपये दुकानदार द्यायला तयार नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज भरतोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि वकील करण्याची सक्तीही नाही.