मोबाईल स्टार्टर चोख, घोळ सिमचा

पंचगंगेच्या मळीत रात्रीची थ्री फेज आली की चिखल तुडवत मोटार चालू करायला जाणं मोबाईल स्टार्टरनं, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या या सिमवाल्या पेटीनं वाचवलं, हे आधीच मान्य. फेज गेली किंवा पाणी तुटलं तर मोटार बंदही बिनचूक होते. तरी ‘स्टार्टर बिघडला’ म्हणून खोललेल्या कितीतरी पेट्या धडधाकट निघतात. दुखणं सिमचं असतं, आणि ते ओळखायला कंपनीनं दिलाय एकच दिवा.

२जी पेटीत हा दिवा साधारण सेकंदाला लुकलुकला तर सिम नेटवर्क शोधतंय, तीन सेकंदांनी लुकलुकला तर टॉवरवर नोंद झाली. फसगत इथंच होते. रिचार्ज संपला तरी नोंद टिकू शकते, दिवा नेहमीसारखाच चालू. त्यापेक्षा पेटीला फोन लावून ऐका. ‘बंद आहे’ ऐकू आलं तर सिम नेटवर्कवर नाही. अँटेना, सिमचा पिन लॉक, बॅकअप बॅटरी तपासा. ‘इनकमिंग सेवा उपलब्ध नाही’ म्हणजे रिचार्ज. रिंग जाते पण मोटार उठत नाही, तर तुमचा नंबर पेटीत नोंदवलेला नसतो, नाहीतर फेज नसते. मोटार सुरू होते पण मेसेज येत नाही, मग पॅकमध्ये एसएमएस आहेत का बघा.

नवी घेताना २जीच्या नादाला लागू नका. जिओला २जी नाहीच, त्यामुळे ते सिम तिथं कधीच धरणार नाही. ४जी पेटीवरही नुसतं ‘४जी’ लिहिलेलं पुरत नाही. जिओवर फोन लागायला मॉड्यूलमध्ये, म्हणजे पेटीतल्या सिमच्या बोर्डात, व्होल्टे (४जीवरूनच कॉल लागायची सोय) हवं. दुकानातच आपलं सिम घालून फोन लावून बघा.

अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत ठेवणं ही बसवणाऱ्यांची आवडती चूक. वायर बाहेर काढून अँटेना उंचावर लावा, जॅकवेल (नदीकाठची उपशाची विहीर) खोलगट जागी असेल तर नक्कीच. स्टेटस मेसेजमध्ये ० ते ३१ असा सिग्नलचा आकडा येत असेल, तर तो दहाच्या खाली नको.

सिम आधी साध्या मोबाईलमध्ये घालून पिन लॉक काढा. पेटीत घालताना लाईट आणि बॅटरी दोन्ही बंद. नॅनो सिमला प्लास्टिकचं अ‍ॅडॉप्टर लावून कोंबलं की स्लॉटच्या पिना वाकतात, मग बोर्डच बदलायची वेळ येते.

पावसाळ्याचं वेगळंच. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की मोटार-पॅनेल घरी येतं, सिम मात्र पेटीतच राहतं. सलग ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. तेवढे महिने सिम घरच्या जुन्या फोनमध्ये ठेवा, रिचार्ज चालू ठेवा, अधूनमधून एखादा कॉल करा. नंबर गेला तर नवं सिम घालून घरातल्या सगळ्यांचे नंबर पेटीत पुन्हा नोंदवत बसावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा पेटीच्या पासवर्डचा कागद तोवर कुठं गेलेला असतो, देव जाणे.